पंखा केव्हा फिरावा?

दिवाळीच्या फराळाचे ताट समोर असताना मोटारीच्या पंख्याची कथा कोण वाचील, असा प्रश्न माझ्या सौभाग्यवतीने हा लेख लिहावयास बसण्यापूर्वीच मला विचारला. प्रश्न रास्त आहे. मी शाळेत मुलांना इतिहास शिकवणारा आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस. यंत्रविद्येशी माझा संबंध सायकलच्या पंक्चरापलीकडे फारसा गेलेला नाही. परंतु वाचकहो, काही गोष्टी माणूस आपण होऊन शिकत नाही, त्या त्याला शिकवल्या जातात. ही त्यांतलीच एक आहे.

माझे वडील ट्रक चालवीत. बारामतीहून पुण्याला माल न्यायचा आणि येताना खताची पोती आणायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. त्यांच्या उजव्या मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गुळगुळीत, फिकट आणि चकचकीत होती. लहानपणी मी तिच्यावरून बोट फिरवी आणि विचारी, “दादा, हे काय?” ते म्हणत, “दिवे घाट.” पुष्कळ दिवस मला वाटे, दिवे घाट हे एखाद्या रोगाचे नाव असावे.

पुण्याहून सासवडकडे येताना हा घाट लागतो. भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत वर चढते. उन्हाळ्यातली दुपार, मागून येणारा वारा आणि गाडीचा वेग माणसाच्या चालीएवढा. त्या दिवशी पाणी उकळले. वडिलांनी गाडी कडेला घेतली आणि घाईने रेडिएटरचे झाकण फिरवले. पुढे काय झाले ते त्या हातावर लिहिलेले होते.

इंजिनाला पाणी का लागते, हे येथे सांगितले पाहिजे. पेट्रोल वा डिझेल जळून जी उष्णता निघते, तिचा लहान हिस्साच चाके फिरवण्याच्या कामी येतो. बाकीची धुराबरोबर आणि इंजिनाच्या अंगातून बाहेर काढावी लागते. १८८६ साली कार्ल बेंझ यांनी आपल्या मोटारीचे पेटंट घेतले, तेव्हा त्यांनी सरळ घरगुती तोडगा योजला होता: पाणी उकळू द्यायचे, वाफ होऊन जाऊ द्यायचे आणि नवे ओतायचे. १८८८ मध्ये त्यांची पत्नी बेर्टा दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. सुमारे शंभर किलोमीटरच्या त्या वाटेवर तिला ठिकठिकाणी पाणी भरून घ्यावे लागले. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास एका माहेरवाशिणीने पाणी भरत केला, ही गोष्ट आपल्याकडील भगिनींना खास आवडावी.

पुढे १९०१ च्या मर्सिडीज गाडीसाठी विल्हेल्म मायबाख यांनी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यात आठ हजारांहून अधिक बारीक नळ्या होत्या आणि मागे वारा ओढणारा पंखा होता. पाणी थोडे, पण वाऱ्याला भिडणारे अंग मोठे, ही त्यातली युक्ती. आजही आपल्या गाड्यांचे नाक याच तत्त्वावर बनते.

आता ही विद्या आमच्या मुलखात कशी आली ते पाहू. इंदापूर तालुक्यातल्या माळरानावर कळंब गावापाशी शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात साखर कारखाना उभारला; तेच आजचे वालचंदनगर. ह्याच वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. त्यानंतर १९४८ च्या १ जूनला पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस. टी. धावली. एस. टी.चे जाळे तालुक्या-तालुक्यांत पसरले, तसा पाण्याचा डबा हा ड्रायव्हरच्या संसारातला अविभाज्य भाग झाला.

त्या काळच्या बहुतेक गाड्यांचा पंखा इंजिनालाच पट्ट्याने जोडलेला असे. कुर्ल्याची फियाट, जी पुढे पद्मिनी झाली, तिचाही तसाच. इंजिन फिरले की पंखा फिरणार. मग पौषातली पहाट असो की वैशाखातली दुपार. यात दोन खोटी होत्या. गार हवेत पंख्याची गरज नसताना तो इंजिनाची ताकद खात राही. आणि खरी गरज जिथे, म्हणजे गर्दीत गाडी रखडताना, तिथे इंजिनच सावकाश फिरे, म्हणून पंखाही सावकाश. नको तेव्हा भरपूर आणि हवे तेव्हा अपुरे, असा काही श्रीमंत नातेवाइकांचा स्वभाव असतो, तसाच हा.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पुष्कळ घरांत प्रथमच मोटार आली. तिचे इंजिन आडवे बसवलेले. त्याचे तोंड रेडिएटरकडे नसल्यामुळे पट्ट्याने पंखा फिरवणे गैरसोयीचे. म्हणून विजेचा पंखा आणि त्याला हुकूम देणारा उष्णतेचा स्विच. पाणी अमुक इतके तापले की पंखा सुरू, काही अंश निवले की बंद. गाडी बंद करून आपण घरात शिरल्यावरही अंगणात एकटाच घरघरणारा पंखा ऐकून गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना भुताटकीचा संशय येई!

मलाही तो आवाज खुपे. मी घेतलेल्या जुन्या मोटारीचा पंखा फार वेळा सुरू होतो आणि बॅटरी संपवतो, असे माझ्या मनाने घेतले. एका मिस्त्रीला म्हटले, “हा जरा उशिरा लागेल असे करा.” त्याने अधिक सोपा उपाय केला. आपोआप चालणारा स्विच काढून टाकला, पंखा डायरेक्ट केला आणि स्टिअरिंगजवळ एक बटण बसवले. “गुरुजी, आता पंखा तुमच्या हातात!” तो म्हणाला. मला फार आनंद झाला. सत्ता हातात आल्याचा आनंद माणसाला किती लवकर होतो!

त्या आषाढात आईने तुकोबांची पालखी पाहण्याचा हट्ट धरला. वडील जाऊन दोन वर्षे झाली होती. बारामतीचा मुक्काम हलवून पालखी काटेवाडीला येते. तेथे मेंढ्यांचे रिंगण होते. आम्ही आडवाटेने निघालो, पण गर्दीने ती वाटही भरलेली. अर्धा तास गाडी मुंगीच्या पावलाने चालली. पाऊस नव्हता, ऊन मात्र लख्ख होते. टाळ-मृदंगाच्या नादात माझे बटणाकडे लक्षच गेले नाही. काटा तांबड्या रेघेपलीकडे केव्हा गेला कळले नाही. बोनेटमधून वाफ आली तेव्हा कळले. आत आई घामाघूम होऊन धापा टाकत होती. मी टॉवेल घेऊन धावलो आणि झाकणावर हात ठेवला.

तोच कोणीतरी माझे मनगट घट्ट धरले. दिंडीतला एक वृद्ध वारकरी होता. “माउली, थांबा,” तो म्हणाला, “आधी तिला निवू द्या.” त्याने आपल्याजवळचे पाणी गाडीला नव्हे, आईला दिले. आईने गाडीतून हे सारे पाहिले होते. ती माझ्या मनगटाकडे पाहत राहिली. बोलली मात्र काही नाही.

झाकणात एवढे भय का, ते नंतर समजून घेतले. बंद झाकणामुळे आतला दाब वाढतो, म्हणून पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही. सुमारे एकशेवीस अंशांपर्यंत तग धरते. झाकण उघडले की दाब जातो आणि ते पाणी क्षणात उकळून वाफेसकट अंगावर झेपावते.

इंजिनाचे हेड गॅस्केट गेले होते. ते बदलताना दुसऱ्या एका वयस्क मिस्त्रीने जुन्या जातीचा स्विच पुन्हा बसवला. पण त्याआधी पातेल्यातल्या पाण्यात तो सोडून, तारेला बल्ब जोडून मला दाखवला. थर्मामीटर नव्वदीच्या पुढे गेल्यावर बल्ब लागला. पाणी सात-आठ अंश निवल्यावर विझला. तो म्हणाला, “पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाचे दार असते, ते ब्याऐंशीच्या आसपास उघडते. पंखा त्याच्या वरच लागला पाहिजे. खाली लावाल तर दिवसभर फिरेल आणि इंजिनाला ऊब मिळणार नाही. गार इंजिन पेट्रोल जास्त खाते आणि लवकर झिजते. फार वर लावाल तर त्या दिवशीसारखे होईल. आणि गाडी पळती असली की समोरचा वाराच पुरतो. पंखा लागतो तो थांबल्यावर.” हा प्रयोग मी पुढे वर्गात केला. बल्ब लागताच मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आज नव्या गाड्यांत हा निवाडा छोटा संगणक करतो. वातानुकूलन लावले तरी पंखा सुरू होतो. आमच्या बारामतीत पियाजिओच्या कारखान्यातून २०१२ पासून व्हेस्पा बाहेर पडू लागली; त्या स्कूटरचा पंखा मात्र इंजिनाच्या चक्रालाच बसवलेला, तो आजही न विचारता फिरतो. आणि १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर ह्याच जुन्या मार्गावर एस. टी.ची विजेवरची ‘शिवाई’ निघाली. तिला इंजिन नाही, पण बॅटरीही तापतेच. तिलाही निववावेच लागते.

हल्ली रात्री गाडी अंगणात लावली की पंखा थोडा वेळ घरघरतो आणि आपोआप थांबतो. ओसरीवर बसलेली आई तो थांबेपर्यंत ऐकत असते. मग म्हणते, “निवली बघ.” आणि दिवा मालवून आत जाते.