‘जाऊ द्या, काही लागलं नाही ना?’ : किरकोळ अपघाताची नोंद आणि एका कलमाचा इतिहास

संशोधनाची तयारी करणारे तुमच्यापैकी अनेकजण एकच प्रश्न विचारतात : विषय ठरला, पण ‘प्रश्न’ कुठून आणायचा? आज मी माझा प्रश्न मला कसा सापडला ते सांगणार आहे. तो ग्रंथालयात नाही, माझ्या मामाच्या मनगटात सापडला.

मामा सुतारकाम करतो. काही वर्षांपूर्वी संध्याकाळी स्कूटरवरून घरी येताना वळणावर एका कारचा हलका धक्का लागला. स्कूटर आडवी झाली, मामा हातावर पडला. कारवाला भला माणूस होता. उतरला, स्कूटर उचलून दिली आणि म्हणाला, “काका, काही लागलं नाही ना?” मामा म्हणाला, “नाही नाही, जाऊ द्या.” आरसा तुटला होता, त्याचे पाचशे रुपये त्याने दिले. विषय संपला. चौथ्या दिवशी हात सुजला, एक्स-रे काढला तर मनगटातलं हाड मोडलेलं. सहा आठवडे प्लास्टर. सुताराचा उजवा हात सहा आठवडे बंद म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. गाडीचा नंबर कोणी घेतला नव्हता, कुठे नोंद नव्हती. कागदोपत्री तो अपघात झालाच नव्हता.

तेव्हा माझ्या डोक्यात आलेला पहिला प्रश्न अगदी साधा होता : अशा वेळी पोलिसांना कळवायचं असतं का? दुसरा प्रश्न मात्र इतिहासाचा होता : ‘कळवायचं असतं’ हे कधीपासून ठरलं, आणि का?

कायदा एका रांगेत मांडून वाचा

माझी पहिली चूक अशी की मी फक्त आजचा कायदा वाचला. तुम्ही असं करू नका. कायद्याचं कलम हे जुन्या घरासारखं असतं. प्रत्येक पिढी एक खोली वाढवते, पण जुन्या भिंती पाडत नाही. म्हणून एका विषयावरची सगळी कलमं काळाच्या क्रमाने शेजारी शेजारी लिहा आणि फक्त क्रियापदांखाली रेघ मारा. मी तेच केलं. काय दिसलं बघा.

पहिला थांबा १९०३ चा ब्रिटनमधला मोटार कार कायदा. त्याचं सहावं कलम चालकाला सांगतं की अपघात झाला तर थांब, आणि विचारलं तर नाव-पत्ता सांग. पोलीस ठाण्यात जाऊन कळवायची गोष्ट तिथे नाही. पण गंमत शब्दरचनेत आहे. अपघात गाडीच्या ‘धडकेमुळे’ असं तो कायदा म्हणत नाही. रस्त्यावर गाडी ‘असल्यामुळे’ माणसाला, घोड्याला किंवा दुसऱ्या वाहनाला अपघात झाला तर, असं म्हणतो. कारण उघड आहे. तेव्हाचा रस्ता घोड्यांचा होता. मोटारीने कोणाला स्पर्शही केला नाही, तरी तिच्या आवाजाने घोडा बुजायचा आणि टांगा उलटायचा. मोटार ही रस्त्यावर आलेली परकी वस्तू होती.

आपल्याकडे आधी वेगवेगळे प्रांतिक कायदे होते. मग १९१४ मध्ये संपूर्ण ब्रिटिश भारतासाठी एकच मोटार वाहन कायदा आला. त्याचा सूरही तोच : थांबा आणि ओळख द्या.

आता एक गोष्ट तुम्ही स्वतः पडताळून पाहा. आज लागू असलेल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १३२ उघडा. एखाद्या जनावराच्या राखणदाराला वाटलं की गाडीमुळे जनावर बिथरेल, आणि त्याने सांगितलं, तर चालकाने गाडी थांबवली पाहिजे, असं तिथे अजूनही लिहिलेलं आहे. टांगे गेले, पण घोड्याची भीती कायद्यात राहिली. संशोधकासाठी हा सोन्यासारखा पुरावा असतो. कलमातला जो शब्द आजच्या रस्त्यावर विचित्र वाटतो, तो बहुधा कुठल्या तरी जुन्या रस्त्याचा पत्ता असतो.

‘थांबा’पासून ‘कळवा’पर्यंत

दुसरा थांबा १९३० चा, ब्रिटनचा रोड ट्रॅफिक कायदा. इथे नवं क्रियापद येतं : कळवा. अपघातानंतर चालकाने काही कारणाने समोरच्याला नाव-पत्ता दिला नसेल, तर त्याने शक्य तितक्या लवकर आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत पोलिसांना कळवलं पाहिजे. याच कायद्याने तिथे तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा केला.

तिसरा थांबा आपला १९३९ चा मोटार वाहन कायदा. त्याच्या कलम ८९ मध्ये जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं आणि २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात कळवणं, ही चालकाची कर्तव्यं म्हणून येतात. आपल्याकडे विमा सक्तीचा व्हायला मात्र १ जुलै १९४६ उजाडला.

चौथा थांबा १९८८ चा कायदा, कलम १३४. हे नीट वाचा, कारण इथेच मला माझा प्रश्न सापडला. कलमाचं शीर्षक सांगतं की हे व्यक्तीला इजा झाली तर चालकाने काय करायचं याबद्दल आहे. पण मजकूर पुढे जातो : व्यक्तीला इजा झाली ‘किंवा’ तृतीय पक्षाच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर. म्हणजे मामाला काहीच लागलं नसतं आणि फक्त स्कूटरचा आरसा तुटला असता, तरी घटनास्थळी पोलीस नसताना २४ तासांत ठाण्यात कळवणं हे त्या कारवाल्याचं कर्तव्य होतं. शीर्षक एक सांगतंय आणि मजकूर जास्त. घाईघाईत फक्त शीर्षकं वाचून नोंदी काढणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी हा धडा.

आता १९३० आणि १९८८ शेजारी ठेवा. ब्रिटनच्या नियमात, फक्त गाडीचं नुकसान झालं असेल आणि दोघांनी नाव-पत्ता दिला-घेतला, तर पोलिसांकडे जाण्याची गरज साधारणपणे संपते. आपल्या कलमात ही सवलत नाही. नाव सांगितलं तरी कळवायचंच. तुम्हाला वाटेल की दोन्ही कायदे एकाच मुशीतले. मुशी तीच आहे, पण आपल्याकडे मागणी जास्त आहे. आणि प्रत्यक्षात आपल्या रस्त्यावर काय होतं? मांडवली. हजार-पाचशे रुपये, दोन शब्द, आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजायच्या आत दोघेही रवाना.

कायदा जास्त मागतो आणि माणसं कमी देतात, तेव्हा ‘लोक बेशिस्त आहेत’ असं म्हणून थांबायचं नाही. तिथेच इतिहासाचा प्रश्न सुरू होतो.

जे नोंदलं गेलं नाही ते मोजायचं कसं?

माझ्या मूळ आराखड्यात मी ‘किरकोळ अपघातांची संख्या’ मोजणार होते. मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला : “जे कोणी नोंदवलंच नाही, ते तू मोजणार कशातून?” मी गप्प.

मग मी उलट बाजूने गेले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी पोलिसांच्या नोंदींवरून अपघातांचा अहवाल काढतं. २०२२ च्या अहवालात ४,६१,३१२ अपघात, १,६८,४९१ मृत्यू आणि ४,४३,३६६ जखमी अशी नोंद आहे. भागाकार करा. एका मृत्यूमागे तीनसुद्धा जखमी नाहीत. त्याच वर्षी ग्रेट ब्रिटनमध्ये पोलिसांच्या नोंदींत मृत आणि जखमी मिळून १,३५,४८० माणसं होती, त्यांतले मृत्यू १,७११. म्हणजे एका मृत्यूमागे सुमारे ७८ जखमी.

लगेच निष्कर्षावर उडी मारू नका. आपल्याकडे दुचाकी आणि पायी चालणारे जास्त, मदत उशिरा पोहोचते, म्हणून तोच अपघात जास्त जीवघेणा ठरतो. हे सगळं खरं आहे. पण एवढ्याने २.६ आणि ७८ यांच्यातली दरी भरत नाही. दरीचा मोठा भाग असा असणार की मृत्यू लपत नाही, मोडलेलं मनगट मात्र लपतं. मामा त्या दरीत आहे. तुमच्या ओळखीचे दहाजण तरी त्या दरीत असतील.

ही पद्धत लक्षात ठेवा. दफ्तरात एखादी गोष्ट नसेल तर तिच्या शेजारच्या गोष्टींचं प्रमाण तपासा. प्रमाण विचित्र दिसलं की गैरहजेरीचा आकार कळतो. अचूक आकडा मिळत नाही, पण प्रश्न पक्का होतो.

माणसं का कळवत नाहीत?

इथे कायद्याचं पुस्तक बाजूला ठेवून माणसाच्या जागी उभं राहायचं. समजा तुम्ही चालक आहात. ठाण्यात जाऊन सांगायचं म्हणजे स्वतःच्याच विरुद्ध पहिला कागद तयार करायचा. कारण बेदरकारपणे वाहन चालवणं हा १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २७९ खाली गुन्हा होता, आणि आज भारतीय न्याय संहितेत कलम २८१ खाली आहे. तो दखलपात्र आहे. गाडी अडकेल, तारखा पडतील, ही भीती. विम्याचा दावा केला तर ‘नो क्लेम बोनस’ जातो, तो पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत साठलेला असू शकतो. आणि समोरच्यालाही पंचनामा, जबाब, हेलपाटे नको असतात. दोघांच्याही दृष्टीने मांडवली हा शहाणपणाचा हिशोब ठरतो. चूक फक्त एवढीच की तो हिशोब पहिल्या पाच मिनिटांत होतो, आणि हाड चौथ्या दिवशी सुजतं.

दंडाचा इतिहासही बघा. कळवण्याचं कर्तव्य मोडलं तर १९८८ च्या कायद्याच्या कलम १८७ मध्ये सुरुवातीला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो सहा महिने किंवा ५,००० रुपयांपर्यंत गेला. मग २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत कलम १०६ चं दुसरं पोटकलम आलं : बेदरकार चालवण्याने मृत्यू झाला आणि चालक पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला न कळवता पळाला, तर दहा वर्षांपर्यंत कैद. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांनी चाकं थांबवली. महाराष्ट्रातही पेट्रोल पंपांवर लागलेल्या रांगा तुम्हाला आठवत असतील. बाकीची संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली, पण हे पोटकलम बाजूला ठेवलं गेलं.

चालकांचं म्हणणं होतं की आम्ही थांबलो तर जमाव मारेल. हे ऐकून मी पुन्हा कलम १३४ कडे गेले. तिथे जखमीला मदत करण्याच्या कर्तव्याला एक अपवाद दिलेला आहे : जमावाचा रोष किंवा आपल्या हाताबाहेरचं दुसरं कारण. म्हणजे जमावाची भीती खुद्द कायद्यानेच मान्य केली आहे. १९०३ च्या कायद्यात घोडा बुजत होता, १९८८ च्या कायद्यात जमाव बिथरतो. त्या-त्या काळचा रस्ता कोणाला घाबरत होता, ते कलमात उतरलेलं असतं.

तर माझा प्रश्न काय झाला?

‘किरकोळ अपघात किती झाले?’ हा प्रश्न मी सोडला. नवा प्रश्न असा : अपघात ‘किरकोळ’ आहे हे कोण, कधी आणि कशाच्या आधारावर ठरवतं? रस्त्यावर पाच मिनिटांत दोघं ठरवतात. ठाण्यात अंमलदार ठरवतो, दखलपात्र की अदखलपात्र. १९५६ च्या दुरुस्तीनंतर आलेलं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं, पण त्याच्यापर्यंत कागद पोहोचला तरच. मामाचा अपघात पहिल्याच पायरीवर ‘किरकोळ’ ठरला, म्हणून पुढच्या दोन पायऱ्या त्याच्यासाठी नव्हत्याच.

तुमच्यासाठी एक काम देते. घरातल्या तीन पिढ्यांना विचारा : तुमची गाडी कधी घासली किंवा ठोकली गेली, आणि तेव्हा तुम्ही काय केलं? सायकल असली तरी चालेल. उत्तर लिहून घ्या, तारीख टाका, त्यांची परवानगी घ्या. जी गोष्ट कुठल्याच दफ्तरात नाही, तिची पहिली नोंद तुमच्या वहीत होईल.

आणि संशोधनापलीकडचं एक सांगते. कधी असा धक्का लागलाच, तर भांडू नका, पण गाडीचा नंबर, नाव, फोन आणि वेळ लिहून घ्या, दोन फोटो काढा, आणि २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात सांगा. समोरचा कितीही भला असला तरी. मामाचा हात आता बरा आहे, पण रंधा मारताना अजून दुखतो. तो म्हणतो, “त्या माणसाचा राग नाही गं. नुसता नंबर घेतला असता तर.”