‘कसे वाटते?’ या प्रश्नाची मोजपट्टी

परभणीहून मुंबईला जाणाऱ्या देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसमध्ये जाडजूड फाइल मांडीवर घेतलेला कर्करोगाचा रुग्ण आणि त्याच्या सोबतीला आलेले घरचे माणूस आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. 2012 पासून औरंगाबादेत (आताच्या छत्रपती संभाजीनगरात) शासकीय कर्करोग रुग्णालय झाल्याने काहींची ही वाट थोडी जवळ झाली. त्या फाइलमध्ये गाठीचा आकार सेंटिमीटरमध्ये आणि हिमोग्लोबिन ग्रॅममध्ये लिहिलेले असते. पण रात्री झोप लागते का, घास गिळताना किती दुखते, हे कोणत्या एककात लिहायचे? रोग बरा होण्यासारखा उरला नाही, की हेच प्रश्न सर्वांत महत्त्वाचे ठरतात. जगण्याची ही गुणवत्ता मोजण्याचा इतिहास जेमतेम पाऊणशे वर्षांचा आहे. उत्तर कोणी द्यायचे, हाच त्यातला मुख्य प्रश्न राहिला आहे.

सुरुवात झाली ती अमेरिकेत. डेव्हिड कार्नोफ्स्की आणि जोसेफ बर्चेनाल हे डॉक्टर युद्धातील मस्टर्ड वायूशी नाते सांगणारी नवी औषधे कर्करोगावर वापरून पाहत होते. औषधाने गाठ लहान झाली, पण माणूस उठून बसला का? हे नोंदवण्यासाठी 1949 मध्ये त्यांची 0 ते 100 अशी श्रेणी प्रसिद्ध झाली. 100 म्हणजे कोणतीही तक्रार नाही, 70 म्हणजे स्वतःचे स्वतः करता येते पण कामधंदा जमत नाही, आणि 0 म्हणजे मृत्यू. हे आकडे क्रम दाखवतात, परिमाण नव्हे. वर्गातील पहिला आणि दुसरा यांच्यात किती गुणांचे अंतर आहे हे जसे क्रमांकावरून कळत नाही, तसेच 80 चा रुग्ण 40 च्या रुग्णापेक्षा ‘दुप्पट बरा’ आहे असे म्हणता येत नाही. शिवाय हा आकडा डॉक्टर ठरवत असत, रुग्ण नव्हे.

1967 मध्ये सिसिली साँडर्स यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. वेदना शरीराची असते, तशीच मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते, असे त्या सांगत. मग ती बाहेरून कशी मोजणार? 1976 मध्ये प्रीस्टमन आणि बॉम यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांपुढे कागदावरील एक सरळ रेघ ठेवली. आपली अवस्था त्या रेघेवर कुठे बसते, तिथे रुग्णानेच खूण करायची. 1988 मध्ये स्लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच प्रश्न रुग्णांना आणि त्यांच्या डॉक्टरांनाही दिले. दोघांची उत्तरे नीट जुळली नाहीत. रुग्णाचे जगणे रुग्णालाच विचारले पाहिजे, हे आता आकड्यांनीच दाखवले. त्याच वाटेने पुढे 1993 मध्ये युरोपातील संशोधकांची तीस प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध झाली. ती आज जगभर वापरतात.

आपल्याकडे मुंबईत वांद्र्याला 1986 मध्ये डॉ. लुईस डिसूझा यांनी शांती आवेदना आश्रम सुरू केला. हे भारतातील पहिले हॉस्पिस. वरील प्रश्नावलीच्या हिंदी आणि मराठी अनुवादांची पडताळणी टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केली. अशी पडताळणी का लागते? मूळ प्रश्नावलीत कष्टाच्या कामांविषयी विचारताना बाजारहाटाची जड पिशवी किंवा सूटकेस उचलण्याचे उदाहरण आहे. गंगाखेड तालुक्यातील जी बाई कधी सूटकेस उचलत नाही, पण रोज पाण्याची घागर उचलते, तिला हा प्रश्न कसा कळेल? शब्द बरोबर असूनही मोजमाप चुकू शकते.

आता सोबतीच्या माणसाकडे वळू. रुग्ण आणि त्याचे कुटुंब, दोघांच्याही जगण्याची गुणवत्ता हे उपशामक सेवेचे ध्येय आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये म्हटले. मात्र कर्करोग्याची काळजी घेणाऱ्यांसाठी वाइट्झनर आणि सहकाऱ्यांची पस्तीस प्रश्नांची प्रश्नावली आली ती 1999 मध्ये. झोपमोड, पैशाची ओढाताण, विस्कटलेला दिनक्रम यांबरोबरच आजारपणात नाते जवळचे झाले का, हेही ती विचारते. कापूस वेचणीच्या दिवसांत रुग्णाजवळ बसलेल्या सुनेची बुडालेली मजुरी रुग्णाच्या फाइलमध्ये कुठेच दिसत नाही.

हे मोजून काय मिळते? 2010 मध्ये बोस्टनमधील फुप्फुसाच्या कर्करोगाच्या 151 रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून उपशामक सेवा मिळाली, त्यांच्या जगण्याची गुणवत्ता अधिक चांगली राहिली. शिवाय त्यांचा मध्यक आयुःकाल 11.6 महिने भरला, इतरांचा 8.9. प्रश्न विचारला नसता, तर यातले पहिले उत्तर कोणालाच दिसले नसते.

आम्हाला शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. घरातील काळजी घेणारे माणूस कधी कधी आपल्या वर्गातलेच मूल असते. हजेरीपटात त्याची फक्त गैरहजेरी लागते. ते परत आले, की आपण विचारतो, ‘आजी कशी आहे?’ त्यापुढे आणखी एक प्रश्न विचारावा: ‘आणि तू कसा आहेस?’ पहिल्या प्रश्नापासून दुसऱ्यापर्यंत यायला कर्करोगाच्या वैद्यकाला पन्नास वर्षे लागली. आपल्याला तितकी लागायला नकोत.