माळाचा वाफसा

पाऊस उघडला म्हणून लगेच कोणी शेतात औत घालत नाही. आधी वाफसा यावा लागतो. घाई केली तर माती तुडवली जाते, ढेकळं पडतात आणि त्याचं फळ हंगामभर भोगावं लागतं. आज दूरदेशीच्या एका माळाची हकीकत सांगतो. तिथं औत नाही, पीक नाही. पण धडा हाच आहे.

हा माळ स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर सेंट अँड्र्यूज या गावी आहे. काठीनं चेंडू टोलवीत दूरच्या खळग्यात घालायचा, त्या गॉल्फचं हे जुनं माहेरघर. लोक तिरंदाजीचा सराव सोडून या खेळाच्या नादी लागतात, म्हणून १४५७ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटनं त्यावर बंदी घातली होती. पुढं १५५२ च्या सनदेत आर्चबिशप हॅमिल्टन यांनी या माळावर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क मान्य केला. म्हणजे माळ आपल्या गायरानासारखा, साऱ्या गावाचा.

त्या काळी हा खेळ मुख्यतः थंडीच्या दिवसांतला. उन्हाळ्यात गवत माजे आणि ते कापायला यंत्र नव्हतं. बडिंग नावाच्या इंग्रज कारागिरानं ते बनवलं १८३० साली. मग हिवाळ्यात जमीन गोठली तर? तिथं वाळू उपयोगी पडली. गाळाच्या बारीक मातीत, गोठताना खालचं पाणी वर ओढलं जातं, बर्फाचे थर वाढतात आणि जमीन फुगून वर येते. अमेरिकन भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यानं हे १९२९-३० च्या सुमारास प्रयोगानं दाखवलं. वाळूतून पाणी निथळून जातं, म्हणून तिथं हा उपद्रव कमी.

कमी, पण अजिबात नाही असं नव्हे. वसंतातलं ऊन पडतं, तेव्हा आधी वरची दोन-चार बोटं माती सुटते. खालून पृथ्वीची ऊबही हळूहळू वर येत असते. मधला थर मात्र दगडासारखा गोठलेलाच राहतो. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं! म्हणून हे काम सावकाश चालतं. तोवर वर सुटलेलं पाणी खाली जिरत नाही. माळ वरून हिरवा, मऊ दिसतो. पण गवताची मुळं खाली बर्फात अडकलेली असतात. त्यावर पाय पडला की वरची माती सरकते आणि मुळं तुटतात. एका दिवसाच्या खेळाची किंमत गवत कित्येक आठवडे मोजतं.

मग गावाचा हक्क मोठा की जमिनीची गरज? टॉम मॉरिस हा याच गावचा नामांकित खेळाडू. १८६५ पासून तो या माळाचा राखणदार झाला. त्यानं गवतावर वाळू पसरण्याची रीत रुजवली आणि रविवारी माळाला विश्रांती देण्याचा आग्रह धरला. मोठ्या स्पर्धांसारखे अपवाद सोडले, तर तिथलं सर्वांत जुनं मैदान आजही रविवारी खेळासाठी बंद असतं.

शिक्षकबंधूंनो, मुलांना हे अवश्य सांगा. हक्क सनदेनं मिळतो, पण जमीन टिकते ती संयमानं. वरचा हिरवेपणा पाहून पाऊल टाकू नये; खाली काय आहे ते आधी पाहावं. आपला शेतकरी तरी मूठभर माती दाबून दुसरं काय पाहतो?