वेब डेव्हलपमेंट शिकताय? पहिला सराव आपल्याच गावाच्या दुभाषिक पानाचा

बेळगाव : वेब डेव्हलपमेंटचे व्हिडिओ बघणारे विद्यार्थी निपाणीपासून खानापूरपर्यंत भरपूर आहेत. पण स्वतःचं एक पान उभं केल्याशिवाय हात बसत नाही. सीमाभागात मराठी-कन्नड असं दुभाषिक पान हा त्यासाठी चांगला सराव. मोबाइलवर शिकता येतं, तरी साधा लॅपटॉप असला तर बरं. व्हीएस कोड हा मोफत एडिटर पुरेसा आहे.

विषय लहान ठेवा
तीन नोंदी पुरेत : बेळगाव किल्ल्यातील कमल बस्ती, घटप्रभेवरचा गोकाक धबधबा आणि निपाणीचं १९८१चं तंबाखू उत्पादकांचं आंदोलन. प्रत्येकी चार ओळी आणि स्वतः काढलेला एक फोटो.

फोल्डर आणि तीन फाइली
एका फोल्डरमध्ये मजकुरासाठी इंडेक्स डॉट एचटीएमएल, रंगरूपासाठी सीएसएस आणि बटणाच्या कामासाठी जावास्क्रिप्ट अशा तीन फाइली करा. फाइलींची नावं लहान इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्या. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक चालतो, सर्व्हरला बहुधा चालत नाही. घरी दिसणारा फोटो इंटरनेटवर गायब होतो, तो बऱ्याचदा यामुळेच.

अक्षरं बिघडू नयेत म्हणून
पानाच्या हेडमध्ये यूटीएफ-८ ची नोंद करा. डीटीपीवाल्याकडून आणलेला जुन्या फॉन्टमधला मजकूर थेट चिकटवला तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. मराठी भागाला ‘लँग’ या खुणेत ‘एमआर’, कन्नड भागाला ‘केएन’ लिहा. त्यावरून अंधांसाठीचं वाचक सॉफ्टवेअर योग्य भाषेचा आवाज निवडू शकतं आणि काही फॉन्टमध्ये ‘ल’, ‘श’ मराठी वळणाचे उमटतात. मोबाइलवर पान नीट बसावं म्हणून व्ह्यूपोर्टची ओळही हवी.

एकच बटण
दोन्ही भाषांचा मजकूर पानातच ठेवा. बटण दाबलं की एक भाषा लपेल, दुसरी दिसेल, एवढंच जावास्क्रिप्टला सांगायचं. कन्नड मजकूर यंत्राकडून भाषांतरित करून तसाच ठेवू नका. कन्नड जाणणाऱ्या मित्राला दाखवा.

इंटरनेटवर टाकताना
गिटहब पेजेसवर असं पान मोफत ठेवता येतं. मात्र मोफत खात्यात त्यासाठीचा कोड सार्वजनिक असतो. त्यामुळे कुणाचा मोबाइल नंबर, पासवर्ड त्यात नको. नंतर पुसलं तरी गिटच्या जुन्या नोंदीत ते सापडतं.

शेवटी पान दोन वेगवेगळ्या मोबाइलवर उघडून बघा. फोटो मोठे असतील तर छोटे करा. गावाकडच्या रेंजमध्ये जड पान उघडायला वेळ लागतो. हे जमलं की चौथी नोंद मदतीशिवाय जोडा. ती जमली, म्हणजे पाया पक्का झाला.