साइड देण्याची कुळकथा

१७२२ साली लंडन शहरात थेम्स ओलांडायला एकच पूल होता. पुलावरच दोन्ही अंगांना घरं आणि दुकानं, आणि मधल्या चिंचोळ्या वाटेतून बग्ग्या, मालाच्या गाड्या, घोडेस्वार, पायी माणसं, सगळी एकदम निघालेली. दोन गाड्या समोरासमोर अडल्या की अख्खा पूल तुंबायचा. शेवटी महापौरांनी हुकूम काढला: सदर्ककडून शहरात येणाऱ्या गाड्यांनी पुलाच्या पश्चिम कडेने यावं, बाहेर जाणाऱ्यांनी पूर्व कडेने जावं. हुकमात डावं-उजवं असा उल्लेखच नव्हता. पण सदर्क नदीच्या दक्षिणेला. तिथून उत्तरेकडे निघालं की पश्चिम डाव्या हाताला येते. बाहेर जाणाऱ्यांची पूर्वही डावीकडेच. हुकूम पाळला जावा म्हणून पुलाच्या टोकांवर माणसं नेमली गेली. मला हीच गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते. नियम आणि तो पाळून घेणारी माणसं एकाच हुकमातून आली.

१८३५च्या हमरस्ता कायद्याने हा शिरस्ता इंग्लंडभर लागू झाला. त्याच्या ७८व्या कलमात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत: समोरून गाडी आली तर डावी बाजू धरा, आणि पुढे जाऊ पाहणाऱ्याला मुद्दाम अडवू नका. दोन्हींना दंड. डावी बाजू धरणं आणि साइड देणं ही एकाच कलमाची लेकरं.

ब्रिटिश अमलाखालच्या हिंदुस्थानात डावी बाजूच रूढ झाली. पोर्तुगाल १९२८ साली उजवीकडे वळला, पण गोवा डावीकडेच राहिला, कारण सीमेपलीकडचे सगळे रस्ते डाव्या बाजूचे.

आपल्या १९८९च्या रस्ता-नियमांत दोन्ही गोष्टी आल्या. मागची गाडी ओलांडत असताना वेग वाढवू नये, तिला अडेल असं काही करू नये, हे त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हेही होतं, आणि ते आपल्याकडे मनापासून पाळलेलं दिसतं. उतरणारी एसटी वळणाअलीकडे कडेला थांबते आणि ड्रायव्हर हात बाहेर काढून खालच्या ट्रकला ‘ये’ म्हणतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मात्र ही समज हरवते. जाण्याच्या तीन, येण्याच्या तीन लेन, उजवीकडची ओलांडण्यासाठी. तिथेच एखादा ट्रक किंवा निवांत मोटार ठाण मांडून बसते. मागचा डिपर मारतो, वाट पाहतो आणि वैतागून डावीकडून घुसतो. हे घातक आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे ट्रकची डावी बाजू त्याला सर्वांत कमी दिसते. तिथून आलेली छोटी मोटार त्याच्या नजरेला पडतही नाही.

ओलांडून झाल्यावर मागची गाडी आरशात पूर्ण दिसू लागली की इंडिकेटर द्यायचा आणि डावीकडच्या लेनमध्ये परतायचं. परवान्याच्या चाचणीत प्रत्येकाकडून हे करून घेतलंच पाहिजे.