माईंचा वात



परवा कपाट आवरताना एका डब्यात अर्धवट संपलेल्या बाटल्यांचा ढीग सापडला. मॅग्नेशियम, माशाचं तेल, हळदीच्या कॅप्सूल, आणखी काय काय! माझ्या फायब्रोमायल्जियाचा हा इतिहास. तो बघताना आठवल्या त्या माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना माई म्हणायचो.

मी लग्न होऊन सदाशिव पेठेतल्या वाड्यात आले ते १९७४ साली. माईंचं अंग कायम दुखायचं. आज खांदा, उद्या मांड्या, परवा पाठ. रात्री झोप नाही, सकाळी अंग लाकडासारखं. घरात त्याला 'वात' म्हणत. मग वांगी, वाटाणे, हरभऱ्याची डाळ बंद; निर्गुडीचा शेक, एरंडेल, डिंकाचे लाडू सुरू. पण सूज नाही, ताप नाही, एक्स-रे स्वच्छ. हळूहळू सगळे म्हणू लागले, "मनाचे खेळ आहेत." शाळेतून दमून आल्यावर मीही एकदा म्हणाले, आणि माईंनी ते ऐकलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या भाजी निवडत बसल्या.

गंमत बघा, त्याच सुमारास तिकडे या दुखण्याला नाव मिळत होतं. १९०४ साली विल्यम गॉवर्स या इंग्रज डॉक्टरांनी त्याला 'फायब्रोसायटिस' म्हटलं होतं, म्हणजे तंतूंचा दाह. पण दाह काही कुणाला सापडेना. म्हणून १९७६ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. हेंच यांनी 'फायब्रोमायल्जिया' हा शब्द वापरला : तंतूंचं आणि स्नायूंचं दुखणं, एवढंच. १९९० साली तिथल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेनं निकष ठरवले. अंगावरच्या १८ जागांपैकी ११ दाबल्यावर दुखल्या पाहिजेत. २०१० च्या निकषांत ही मोजणीही गेली आणि थकवा, झोप यांना महत्त्व आलं.

आपल्या पुण्याचाही यात वाटा आहे. १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूनं सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणला घरोघर जाऊन चार हजारांवर माणसांना विचारलं, "कुठे दुखतं?" शंभरात अठराच्या आसपास लोकांना हाडा-सांध्यांचं, स्नायूंचं दुखणं निघालं. म्हणजे माई एकट्या नव्हत्या!

आणि आहारानं दुखणं सांभाळायचं म्हणाल, तर ती परंपराही इथलीच. गांधीजींनी आरोग्यावरचं आपलं छोटं पुस्तक १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमध्ये नजरकैदेत असताना लिहिलं. पुण्यात डॉ. दिनशा मेहतांच्या निसर्गोपचार केंद्रात ते राहत. पण गरिबाला हे उपचार खेड्यातच मिळावेत असं त्यांना वाटलं, आणि मार्च १९४६ मध्ये ते उरुळी कांचनला गेले. तिथला आश्रम पुढे मणिभाई देसाईंनी वाढवला. १९७८ मध्ये माई तिथे पंधरा दिवस राहून आल्या. साधं जेवण, माती, पाणी, ऊन, चालणं. परत आल्या तेव्हा त्यांना झोप लागत होती. घरी येऊन पुन्हा रहाटगाडगं सुरू झालं आणि महिन्याभरात वातही परतला.

निवृत्तीनंतर तेच दुखणं माझ्या अंगात आलं. डॉक्टरांनी नाव सांगितलं तेव्हा मला रडू आलं, दुखण्यानं नव्हे, माईंच्या आठवणीनं. मग कुणीतरी "तीन महिन्यांत मुळापासून बरं" असं सांगून बाटल्या विकल्या. पेन्शनचे बरेच पैसे गेले, दुखणं राहिलं.

शेवटी तपासण्या केल्या. बी-१२ आणि ड जीवनसत्त्व दोन्ही कमी! आपल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत केलेल्या अभ्यासात कितीतरी स्त्रियांत बी-१२ कमी आढळलं. ते वनस्पतींत नसतं, आणि आमच्या शाकाहारी घरात बायकांच्या वाट्याला दूध-दही उरतंच किती? या कमतरतेनं थकवा, मुंग्या येतात. ड कमी पडलं की हाडं दुखतात. ती भरून काढल्यावर माझ्या मुंग्या गेल्या, थकवा निम्मा झाला. पण फायब्रोमायल्जिया काही गेला नाही. तो बरा करणारी गोळी अजून कुणाकडे नाही. २०१६ साली युरोपातल्या तज्ज्ञांनी सगळे पुरावे चाळून ठामपणे शिफारस केली ती एकाच गोष्टीची, व्यायामाची. मी सारसबागेत दहा मिनिटांपासून चालायला सुरुवात केली, आता चाळीस मिनिटं चालते. रात्री वेळेवर जेवते, ताटात दही-डाळ असते. दुखतं, पण दिवस माझा असतो.

माईंचंही बी-१२ कमी असेल का? आता कळायला मार्ग नाही. १९८९ मध्ये त्या गेल्या. त्यांना हवी होती ती गोष्ट मात्र तेव्हाही फुकट होती. "माई, दुखतंय ना? बसा, भाजी मी निवडते," एवढं म्हणायला मला कुठलं संशोधन लागत होतं?

तेव्हा मंडळी, घरात कुणी "अंग दुखतंय" म्हणालं, तर आधी खरं माना. मग डॉक्टरकडे न्या. बाटल्या सगळ्यात शेवटी.