आग्र्याचे हुतात्मा कपेल आणि त्याभोवतीची दफनभूमी

उत्तर हिंदुस्थानातील अतिशय जुन्या ख्रिस्ती दफनभूमींपैकी एक आग्रा शहरात, दिवाणी न्यायालयाच्या जवळ आहे. पूर्वी या जागेला लष्करपूर म्हणत. ताजमहाल पाहून परतणाऱ्या प्रवाशांपैकी फारच थोडे तिकडे वळतात. वस्तुतः ताजमहालाची पायाभरणी होण्यापूर्वीच तेथे एक घुमटी उभी राहिली होती. तिलाच पुढे हुतात्मा कपेल हे नाव मिळाले.

ही घुमटी मूळची एका आर्मेनियन व्यापाऱ्याची समाधी. ख्वाजा मोर्तेनेपूस हे त्याचे नाव आणि १६११ हे तिचे वर्ष. शिलालेखात त्याने स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवून घेतले, याची नोंद आहे. अकबराच्या काळापासून आर्मेनियन ख्रिस्ती आग्र्यास स्थायिक होऊ लागले होते. येशूसंघीय धर्मगुरूंना त्यांचाच आधार होता.

१६३२ साली शहाजहानच्या सैन्याने पोर्तुगीजांचे हुगळी जिंकले. हजारो कैद्यांना पायी चालवीत आग्र्यास आणण्यात आले. ते १६३३ मध्ये पोहोचले. त्यांतील काही धर्मगुरू तुरुंगातच मरण पावले. श्रद्धेसाठी प्राण वेचणाऱ्या या धर्मगुरूंची शवे या घुमटीत विसावली, आणि व्यापाऱ्याची समाधी हुतात्म्यांचे कपेल झाली.

पुढे आग्रा मिशनचे धर्मगुरू येथेच पुरले जाऊ लागले. पेकिंगहून ल्हासामार्गे हिमालय ओलांडून आलेले फादर आल्बेर द ओर्विल आग्र्यास पोहोचताच १६६२ साली निवर्तले. फादर हाइनरिक रोट यांनी आग्र्यास संस्कृतचा अभ्यास करून त्या भाषेचे व्याकरण लॅटिनमध्ये लिहिले. ते १६६८ साली वारले. त्यांचे हस्तलिखित तीन शतके रोममध्ये पडून होते. ते १९६७ मध्ये हाती आले आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. १६१६ साली मराठीत ख्रिस्तपुराण प्रसिद्ध करणाऱ्या फादर स्टीफन्स यांच्या पंक्तीत बसणारा हा भाषाभक्त!

मराठी माणसाची पावले मात्र कपेलाबाहेरील तांबड्या दगडाच्या छोट्या ताजमहालापाशी थबकावीत. ही कर्नल जॉन हेसिंग या डच सरदाराची समाधी. महादजी शिंदे यांच्या व नंतर दौलतराव शिंदे यांच्या पदरी त्याने सेवा केली. आग्र्याचा किल्ला मराठ्यांकडे असताना तो तेथील किल्लेदार होता. २१ जुलै १८०३ रोजी तो मरण पावला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्रजांनी आग्रा घेतले. विधवा पत्नीने उभारलेल्या या स्मारकावर हेसिंग ज्यांच्या चाकरीत होता, त्या दौलतरावांचे नाव कोरलेले आहे. मराठ्यांच्या आग्र्यातील सत्तेची ही खूण एका ख्रिस्ती कबरीने जपली आहे.

इंग्रज व्यापारी जॉन मिल्डनहॉल १६१४ साली अजमेर येथे वारला आणि आग्र्यास पुरला गेला. त्याची कबर विस्मृतीत गेली होती. १९०९ साली तिच्यावरील पोर्तुगीज लेख वाचला गेला आणि ओळख पटली. दगड शाबूत होता, अक्षरे शाबूत होती, म्हणूनच हे घडले.

आपल्या धर्मग्रामांतील दफनभूमींत जागा अपुरी पडते आणि जुन्या कबरी पुन्हा उघडाव्या लागतात. त्याला इलाज नाही. परंतु जुनी फरशी हलविण्यापूर्वी तिच्यावरील मजकूर वहीत उतरवून घेणे कोणत्याही धर्मग्रामाला अशक्य नाही. आग्र्याच्या दगडांवर धर्मगुरू, व्यापारी आणि सैनिक यांची नावे टिकली. आपल्या शेतकऱ्यांची, मच्छीमारांची, शिक्षकांची नावे निदान कागदावर तरी टिकावीत!